जावेचं मशीन

माझ्या जावेला बीपीचं मशीन मिळालं आणि मला मिळालं नाही, हे दुखणं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? साठी उलटलेली, पेन्शन घेणारी, गाव जिला ‘बाई’ म्हणतं अशी मी एक शाळामास्तरीण, आणि माझा जीव एका पांढऱ्या डब्यासाठी तळमळत होता. ऐकणारा हसेल. हसू द्या. ज्याला जाऊ नाही त्याला हे कळायचं नाही.

आमचं गाव कामशेतवरून आत, पवनेच्या अंगाला. घर एक, मध्ये भिंत. भिंतीच्या अलीकडे मी आणि आमचे हे. हे देहूरोडच्या डेपोतून रिटायर झाले आणि तेव्हापासून टीव्हीचा आवाज वाढवून बसलेत. पलीकडे धाकटे दीर आणि जाऊ. दीर तुंगार्लीला एका बंगल्यावर माळी आहेत, आठवड्याला एकदा घरी येतात. भिंतीत एक दार आहे. वाटणी झाली तेव्हा सासऱ्यांनी ते बुजवू दिलं नाही आणि त्याला कडीही बसवू दिली नाही. त्यामुळे माझ्या घरातलं भांडण तिला ऐकू जातं आणि तिच्या घरातली फोडणी मला.

ती या घरात नवरी म्हणून आली त्या दिवसापासून मी तिच्यावर जळते. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. मी पगार आणला, फ्रीज आणला, मोरीला फरशी घातली. सासूबाई पाणी मागायच्या ते मात्र तिच्याकडे. मी भाकरी थापली की तिला कडेने चिरा पडायच्या, तिची टम्म फुगायची. माझे केस पन्नाशीत पांढरे झाले, तिचे अजून काळेभोर, आणि वर म्हणते कशी, ‘मी न्हाई बाई काय लावत.’ गाव माझ्याबद्दल आदराने बोलतं आणि तिच्याबद्दल मायेने. या दोन्हींतला फरक मला चांगला कळतो. आयुष्यभर भाषा शिकवली आहे मी.

तर दोन-तीन वर्षांमागची गोष्ट. पुण्याच्या एका संशोधन संस्थेची माणसं गावात आली. विहाराच्या हॉलमध्ये सभा झाली. एक डॉक्टर होते, उंच, चष्मेवाले, आणि त्यांच्याबरोबर एक चुणचुणीत पोरगी. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मावळातलं जगणं बदललंय, म्हणाले. पूर्वी दिवसभर चिखलात उभं राहून भात लावणारा माणूस आता कंपनीच्या गेटवर खुर्चीत बसतो, बाजारातलं तळलेलं घरात येतं, आणि शुगर, बीपी, हृदयाची दुखणी गावातही आली आहेत. घरच्या घरी रोज बीपी मोजलं, मीठ हात राखून घातलं, थोडं चाललं, तर किती फरक पडतो हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी घरटी एक माणूस निवडणार. निवड मोबाईल करणार, चिठ्ठ्या टाकतात तशी. ज्याचं नाव निघेल त्याला मशीन, त्याच्या घरी महिन्याला ही पोरगी येणार, त्याचं रक्त तपासणार, त्याला सगळं विचारणार.

मी पहिल्या रांगेत बसले होते. तीन प्रश्न विचारले. डॉक्टर म्हणाले, ‘फार चांगला प्रश्न आहे.’ शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या क्षणी मी मनात ठरवून टाकलं की आमच्या घरातून मीच असणार.

आता दैव कसं असतं बघा. घरोघर माणसं लिहून घ्यायला ती पोरगी आली त्या दिवशी मी वडगावला बँकेत होते. हयातीचा दाखला द्यायला. म्हणजे मी जिवंत आहे हे सरकारला सांगायला मी रांगेत उभी, आणि इकडे घरात मी कोणाच्या हिशेबातच नाही. त्यात माझ्या स्वयंपाकघरात फरशीचं काम काढलेलं, म्हणून तो पंधरवडा आम्ही दोघं जावेकडे जेवत होतो. पोरीने विचारलं, ‘मावशी, एका चुलीवर जेवणारी माणसं किती?’ कारण त्यांच्या नियमात घर म्हणजे एक चूल. आणि आमच्या सत्यवचनी जाऊबाईंनी सांगितलं, ‘आमी समदी एकाच चुलीवर जेवतो.’

संध्याकाळी मला कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला.

‘अगं, दोन चुली आहेत आपल्या. वीस वर्षं झाली वेगळं होऊन.’

‘व्हय, पर आता तर हितंच जेवताय ना बाई. ती पोरगी आता इचारत हुती. खोटं कसं सांगू?’

दोन घरं धरली असती तर माझ्या घरातून निवड माझ्यात आणि ह्यांच्यात झाली असती, आणि ह्यांना मी कसंही गप्प केलं असतं. आता चौघांत एक. आणि मोबाईलने कोणाचं नाव काढलं हे सांगायलाच नको.

वर आणखी तिचा चांगुलपणा. ‘बाईंचं घ्या की,’ ती पोरीला म्हणाली, ‘त्या शिकलेल्या हायत. मला काय कळतंय त्यातलं.’ पोरगी हसली आणि म्हणाली, ‘असं बदलता येत नाही मावशी. नाव निघालं ते तुमचं निघालं.’ मी मधल्या दारात उभी होते. तिने टाकलेलं मला मिळावं एवढी काही मी लाचार नव्हते. पण पोरगी ‘घ्या मग तुम्ही’ म्हणाली असती तर मी घेतलंही असतं, हेही खरं.

मशीन आलं. छोटा पांढरा डबा, काचेवर आकडे, आणि दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा. पोरीने समजावलं: खुर्चीत पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, पाच मिनिटं काही बोलायचं नाही, मग बटण. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आकडे मशीन आपले आपण साठवतं, महिन्याने ती येऊन ते काढून घेणार. ‘आणि मावशी, यात फक्त तुमचा हात घालायचा. दुसऱ्या कोणाचा नाही. नाहीतर सगळं वाया जाईल.’ जावेने मान डोलावली. खुर्ची तिच्या घरात नव्हतीच. ती भिंतीला पाठ लावून खाली मांडी घालून बसली आणि पोरीने ते चालवून घेतलं.

मग प्रश्न. काल सकाळपासून काय खाल्लं, किती मीठ, किती चालता, झोप लागते का, कशाची काळजी वाटते. मी दारात पाटावर बसून गहू निवडत होते. गहू त्याआधीच निवडलेले होते, पण बसायला काहीतरी निमित्त हवं. जाऊ एकेका प्रश्नाला इतका वेळ लावायची की माझ्याच्याने राहवेना. ‘तिला दुपारचा चहा लागतो, तो सांग,’ मी दारातून म्हणाले. ‘सुकट खाल्लीस की परवा.’ दोन-चारदा असं झाल्यावर पोरगी अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘काकू, मावशींना बोलू द्या हं.’

नाकाला मिरच्या झोंबल्या. वर्गात मी हेच वाक्य इतरांना म्हणत आले होते.

शेवटी पोरीने विचारलं, ‘मावशी, तुम्हाला स्वतःला काय आवडतं खायला?’ आणि जाऊ गप्प. इतकी गप्प की मी मान वर करून पाहिलं. ती खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ‘तिला सगळंच आवडतं,’ मी म्हणाले. पोरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थांबून राहिली. जाऊ म्हणाली, ‘सांगंन म्होरल्या येळंला.’

त्यानंतर आमच्या आळीत तिचा जो भाव वधारला तो विचारू नका. बायका मुद्दाम मशीन बघायला यायच्या. ‘माझं बी बघ की गं,’ म्हणून दंड पुढे करायच्या. ती सगळ्यांना चहा द्यायची आणि कोणाचाही दंड मशीनला लावायची नाही. ‘पोरीला शब्द दिलाय.’ मोठमोठ्या घरच्या बायकांनाही तिने हात जोडून नाही म्हटलं, आणि तरीही कोणी रागावलं नाही. मी असं नाही म्हटलं असतं तर आठ दिवस गावात चर्चा झाली असती.

मी मात्र तिला विचारलं नाही. मी कशाला विचारू?

दुपारी ती शेळ्या घेऊन ओढ्याकडे जायची. ह्यांचा टीव्ही चालू असायचा. मधल्या दाराला कडी नाही. मशीन तिने फळीवर ठेवलेलं, वर विणलेला रुमाल, जणू देव्हाराच. पहिल्या दिवशी मी नुसती बघायला गेले. दुसऱ्या दिवशी पट्टा दंडाला गुंडाळला. तिचा दंड काटकुळा, माझा भरलेला. पट्टा सैल करून घ्यावा लागला. बटण दाबलं. पट्टा करकचून आवळला, सुटला, आणि काचेवर वरचा आकडा आला तो दोनशेच्या घरातला.

मी शिकलेली बाई आहे. असा आकडा काय सांगतो हे मला माहीत होतं. पण त्या वेळी माझ्या मनात आलं ते एवढंच, की मशीनसुद्धा मेलं तिच्याच बाजूचं.

बाजूचं बटण दाबलं की आधीचा आकडा दिसायचा. तो तिचा सकाळचा. एकशे वीसच्या आत. तरण्या पोरीसारखा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल, पण म्हणून एवढं?

मग मला नादच लागला. रोज दुपारी जायचं, आधी तिचा आकडा बघायचा, मग माझा काढायचा. तिच्या खाली नाही तर निदान जवळ तरी जाऊ, एवढीच इच्छा. एके दिवशी जेवण न करता गेले, एके दिवशी मनातल्या मनात पाढे म्हटले, एके दिवशी डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवलं, विहारात शिकवतात तसं. पण डोळे मिटले की सासूबाई तिच्या हातून पाणी पिताना दिसायच्या आणि आकडा आणखी वर जायचा. डॉक्टरकडे का गेले नाही म्हणाल, तर गेले असते तर मी पेशंट झाले असते. मला पेशंट व्हायचं नव्हतं, मला निवडून यायचं होतं.

फरशी बसली, माझी चूल पुन्हा सुरू झाली. पलीकडे पोरीने दिलेल्या इवल्याशा चमच्याने मीठ मोजून पडत होतं. पापड बंद, लोणचं बंद. जाऊ वाटीत भाजी घालून दारातून आत सरकवायची: ‘बाई, जरा खाऊन बघा, कमी मिठाची हाय.’ मी वरून मीठ भुरभुरवायचे. तिने पापड सोडले म्हणून मी दोन जास्त तळायचे. माझ्या घरात मीठ माझ्या मनासारखं पडणार, एवढं तरी राज्य मला हवं होतं.

डोकं मात्र दुखायला लागलं. सकाळी उठलं की मानेपासून वर ठणका. एकदा कपडे वाळत घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोरी धरून उभी राहिले. जावेने पाहिलं. ‘बाई, लोनावळ्याला दवाखान्यात जाऊन या की. मी येते संगं.’

‘मशीन मिळालं म्हणून डॉक्टरीण झालीस का गं?’

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. पुन्हा दोन दिवसांनी. मला वाटायचं, हा आता तिचा तोरा. तिचं बीपी चांगलं ना, मग दुसऱ्याची चौकशी करायला मोकळी.

एके दुपारी पलीकडे गेले तर फळीखाली एक खुर्ची. प्लॅस्टिकची, हात असलेली, पाठ टेकता येईल अशी. शेजारी स्टुलावर तांब्या-भांडं झाकून ठेवलेलं. आणली वाटतं बाईसाहेबांनी खुर्ची, मी म्हटलं. आता काय, राणीसाहेब खुर्चीत बसून बीपी मोजणार. पण बसायला बरं वाटलं. तोवर मी उभ्यानेच मोजत होते. आकडा थोडा उतरेल म्हणून आशेने बघितलं. नाही उतरला.

महिना पुरा व्हायच्या आत एक दिवस पांढरी जीप आमच्या दारात थांबली. पोरगी होती आणि डॉक्टरही. डॉक्टर स्वतः आमच्या घरी, म्हणजे तिच्या घरी. मी ताबडतोब मधल्या दारात. या वेळी गहूही घेतले नाहीत.

पोरीने मशीन मोबाईलला जोडलं आणि तिचा चेहराच बदलला. तिने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला. मग ते खाली सतरंजीवर जावेसमोर बसले आणि अगदी हळुवारपणे विचारायला लागले. ‘मावशी, सकाळचं बीपी उत्तम आहे. संध्याकाळचंही. पण दुपारी ते एकदम भलतंच वर जातंय. रोज. दुपारी काय होतं तुम्हाला? छातीत धडधडतं? कोणी काही बोलतं? असं फार कमी लोकांमध्ये दिसतं.’ पोरीने तिचा हात हातात घेतला. डॉक्टर म्हणाले, आपण तुम्हाला लोणावळ्याला नेऊ, दिवसभर पट्टा लावून ठेवू, सगळ्या तपासण्या करू, गोळ्या तर आजपासूनच सुरू करायला हव्यात.

तुम्हाला सांगते, त्या क्षणी जितकी जळले तितकी जन्मात जळले नाही. बीपी माझं. रोज दुपारी चोरासारखी जाऊन मी कमावलेलं. आणि कौतुक तिचं. माझ्या आजारानेसुद्धा तिलाच मोठं केलं.

आणि त्याच वेळी भीतीही वाटली. कारण गोळ्या तिच्या पोटात जाणार होत्या. मुळात जिचं बीपी एकशे वीसच्या आत, तिला दोनशेवालीचं औषध. ओढ्याकडे शेळ्यांमागे गेली आणि चक्कर येऊन दगडावर पडली तर? बोलायला हवं होतं. बोलले असते तर डॉक्टरांसमोर, पोरीसमोर, दारात जमलेल्या आळीसमोर बाई चोर ठरल्या असत्या.

जावेने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, आणि थांबली. त्या दिवशी पोरगी तिच्यासाठी थांबली होती तशी. मी खाली फरशीकडे पाहिलं.

मग ती डॉक्टरांना म्हणाली, ‘साहेब, दुपारी मी घरात नसतीच. शेळ्या घिऊन जाते. त्यो आकडा माझा न्हाई. आमच्या बाईंचा हाय.’

पलीकडून ह्यांच्या टीव्हीवर कुठल्याशा साबणाची जाहिरात चालू होती.

‘माझा दंड बारीक,’ तिने पट्टा उचलून दाखवला. ‘सकाळी मी आवळून ठेवते, सांजच्याला सैल झालेला सापडतोय. पैल्या दिवसापास्नं. बाजूचं बटन दाबलं की आकडा बी दिसतोय की. लय मोठा आकडा. मी त्यांना म्हनलं दवाखान्यात चला, त्या ऐकनात. म्हनून तर हिला फोन केलता, डॉक्टरांना घिऊन लवकर ये म्हनून.’

‘मग मशीन लपवून का नाही ठेवलं?’ पोरीने विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

‘लपवलं असतं तर त्यांनी मोजलंच नसतं ना कुटं. मोजत हुत्या ते बरं. हितं खुर्ची न्हाई, उभ्यानं मोजत असतील म्हनून शेजारनीकडनं खुर्ची आनून ठेवली.’

ती खुर्ची माझ्यासाठी होती. ती स्वतः त्या दिवशीही खालीच बसली होती.

डॉक्टर उठून माझ्याकडे आले. रागावले नाहीत, तेवढा वेळच त्यांनी घालवला नाही. लहान पट्टा भरलेल्या दंडाला लावला तर आकडा जास्त दिसू शकतो, म्हणाले, आणि मला केवढी आशा वाटली. त्यांनी बॅगेतून मोठा पट्टा काढला. आकडा थोडासा उतरला, पण थोडासाच. मग बोटाला सुई टोचून शुगर बघितली. तीही चढलेली. डॉक्टर म्हणाले, ‘बाई, आत्ताच्या आत्ता लोणावळ्याला चला. हे असंच चाललं असतं तर अर्धांगाचा झटका यायला वेळ लागला नसता.’

मी पांढऱ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. ही जीप मला किती दिवस हवी होती. आळी बघायला उभी होती. भीती होतीच, आणि तरी मनाच्या एका कोपऱ्यात वाटलंच की आज मी पुढे आणि ती मागे. मागच्या सीटवर जाऊ माझी पिशवी, शाल आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती. या सगळ्या गडबडीत तिने ते कधी भरलं कोण जाणे.

दवाखान्यात मला ठेवून घेतलं. गोळ्या, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी, डोळे. पोरगी दुसऱ्या दिवशी भेटायला आली तेव्हा मी धीर करून विचारलं, आता जावेचं काय. पोरगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘एकदा दुसऱ्याचा हात लागला की त्या मशीनमधलं काहीच धरता येत नाही, काकू. सकाळचे आकडे तरी मावशींचेच, याची खात्री आम्ही कशी देणार? तुमचं घर अभ्यासातून काढावं लागलं.’ मशीन ती घेऊन गेली होती. चमचा तेवढा राहू दिला.

घरी आल्यावर बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलाने मला नवं मशीन आणून दिलं. माझं स्वतःचं. पट्टाही माझ्या मापाचा. ते मी माझ्या फळीवर ठेवलं आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी जाऊच मधल्या दारातून आत आली. शेळ्या बांधून ठेवल्या होत्या. तिने माझी खुर्ची ओढली, मला बसवलं, पाठ टेकवली, आणि पट्टा गुंडाळायला लागली. तिच्या बोटांना सगळं पाठ होतं.

मला तिचे आभार मानायचे होते. तोंडातून निघालं ते भलतंच. ‘काय गरज होती गं तुला बोलायची? गप्प राहिली असतीस तर अजून त्यात असतीस. डॉक्टर तुझ्यासाठी सतरंजीवर बसले होते.’

‘आन् तुमी?’ ती म्हणाली.

‘मी मेले असते तर मेले असते.’

‘व्हय, आन् मग मी कुनाच्या म्होरं जायाचं? तुमी रोज माझा आकडा बघून मगच तुमचा काढायच्या, मला ठावं न्हाई व्हय?’ आणि ती चक्क हसली. एवढंसं, ओठ मिटून. म्हणजे शर्यतही तिला माहीत होती. मला राग आला आणि हसूही आलं, आणि तेवढ्यात ती म्हणाली, पट्ट्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात:

‘वाईट वाटलं थोडं. न्हाई कशाला म्हनू. तुमचं नाव शाळंत हाय, बँकेत हाय, पेन्शनीत हाय. माझं नाव जल्मात कशात निघालं नव्हतं बाई. त्या पोरीच्या मोबाईलमदी पैल्यांदा निघालं. ती मला इचारून गेलती, तुमाला काय आवडतं खायला. मी इतके दिस इचार करून ठिवला हुता, म्होरल्या येळंला सांगायचं म्हनून. मग त्या दिशी ते राहूनच गेलं.’

काय ठरवलं होतं, हे विचारायला मी तोंड उघडलं. तिने बोट ओठांवर ठेवलं.

‘बोलू नगा,’ ती म्हणाली. ‘बोललं की आकडा वर जातोय.’

मी पाच मिनिटं गप्प बसले. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, हात तिच्या हातात. पट्टा आवळला आणि सुटला. आकडा काय आला ते मी पाहिलं नाही. तिने पाहिला.